खाली किती सोडू?

"बाजूनी अडीच, वर अडीच. खाली किती सोडू?"

उस्मानपुऱ्यातल्या फ्रेमवाल्या काकांनी टेप फोटोवर धरून विचारलं आणि मी गडबडलो. खरं तर मार्जिनशी माझा रोजचा संबंध. सीएसएसमध्ये चार आकडे लिहायचे असतात: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. निम्म्या वेळा मी कंटाळा करून एकच आकडा लिहितो, तो चारी बाजूंना लागू होतो. त्याच सवयीने म्हटलं, "खालीपण अडीचच सोडा की."

काका हसले. "मग फोटो खाली घसरल्यासारखा दिसतो साहेब. आणि पाटी कुठं लावू?"

या एका प्रश्नाने माझे दोन शनिवार-रविवार खाल्ले. म्हणून हा लेख.

आधी फोटोबद्दल सांगतो. माझे आजोबा जिल्ह्यातल्या एका गावी हेडमास्तर होते. त्यांच्या शाळेच्या स्टाफचा हा १९६४ सालचा ग्रुप फोटो. फुल प्लेट, म्हणजे साडेआठ बाय साडेसहा इंच. जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पुठ्ठा बारा बाय दहाचा. शाळेला आता नवीन हॉल बांधलाय, तिथे हा फोटो लावायचा आणि खाली पितळी पाटी, 'कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ', असं घरी ठरलं. मी पुण्याहून वीकेंडला आलोच होतो, काम माझ्या गळ्यात पडलं.

पुठ्ठ्यावर फोटोच्या खाली कोणीतरी बोरूने, सुंदर अक्षरात नावं लिहिली आहेत. तुमच्याही घरी असा एखादा फोटो असेलच. 'खुर्चीवर बसलेले (डावीकडून)', मग 'उभे (डावीकडून)'. प्रत्येक नावामागे श्री., पुढे डिग्री. तीन ओळी. काकांचा बेत साधा होता. फोटोभोवती नवा पांढरा माउंट, एकच खिडकी, त्यात फक्त फोटो. जुना पुठ्ठा माउंटच्या मागे जाणार. म्हणजे त्या तीन ओळीही मागे जाणार आणि पुढे दिसणार एकच नाव, आजोबांचं.

मला ते बरोबर वाटेना. पण का वाटेना, हेही नीट सांगता येईना. मग नेहमीप्रमाणे वाचत बसलो.

आधी काकांचं म्हणणं तपासलं. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर फोटो घसरल्यासारखा का दिसतो? कारण आपल्या डोळ्याला जो 'मध्य' वाटतो तो मोजपट्टीच्या मध्यापेक्षा थोडा वर असतो. चित्र बरोब्बर मधोमध लावलं की ते खाली आल्यासारखं भासतं. म्हणून खाली थोडं जास्त सोडतात. पुस्तकवाल्यांनाही हे फार आधीपासून ठाऊक होतं. यान चिखोल्ड या जर्मन टायपोग्राफरने मध्ययुगीन हस्तलिखितांची पानं मोजून १९५३ साली त्यांचं गणित मांडलं: पानाची रुंदी-उंची दोनास तीन असेल, तर आतला समास २, वरचा ३, बाहेरचा ४ आणि खालचा ६. खालचा समास वरच्याच्या दुप्पट! पोथी हातात धरायला अंगठ्याला जागा हवी, हेही एक कारण सांगतात.

समास. किती छान शब्द आहे आपल्याकडे. शाळेत वहीला पट्टीने समास आखायला लावायचे आणि त्यात लिहिलं तर छडी. त्या कोऱ्या जागेत लिहायचा अधिकार फक्त बाईंचा, लाल पेनाने.

लाल शाईवरून अकबर आठवला. (हसू नका, संबंध आहे.)

अकबराच्या चित्रशाळेत अकबरनामा, रझ्मनामा (म्हणजे महाभारताचा फारसी अनुवाद) असे मोठमोठे सचित्र ग्रंथ तयार झाले. एक चित्र सहसा एक माणूस करत नसे. एकाने आराखडा काढायचा, दुसऱ्याने रंग भरायचे, कधी तिसऱ्याने महत्त्वाचे चेहरे. आणि हे कोणी कोणी केलं ते ग्रंथालयाचे कारकून चित्राच्या खालच्या समासात लिहून ठेवायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या अकबरनाम्याच्या पानांवर खाली लाल शाईत ही नावं आजही वाचता येतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कमिट लॉग. चित्रकाराची ऐटबाज सही नव्हे, कामाची नोंद.

त्या नावांत एक नाव आहे दसवंत. अबुल फज़लने 'आईन-ए-अकबरी'त त्याची गोष्ट सांगितली आहे. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत बसायचा. अकबराच्या नजरेस पडला आणि शाही चित्रशाळेत दाखल झाला. पुढे त्याच्या मनाचा तोल गेला आणि १५८४ साली त्याने स्वतःचा जीव घेतला. जयपूरच्या रझ्मनाम्यातल्या अनेक चित्रांखाली त्याचं नाव आहे. अबुल फज़लने तो मोठा होता हे सांगितलं खरं, पण त्याने नेमकी कोणती चित्रं काढली हे आपल्याला कळतं ते खालच्या समासातल्या त्या बारीक ओळींमुळे. कहाराच्या पोराचं नाव सव्वाचारशेहून जास्त वर्षं टिकलं ते त्या पट्टीत.

पण सगळी नावं टिकली नाहीत. पुढच्या काळात ग्रंथ नव्याने बांधले गेले, चित्रं सुटी करून अल्बमात लावली गेली. मुरक्का म्हणतात तो हाच अल्बम. वेगवेगळ्या मापांची चित्रं एका मापात बसवायची तर कडा छाटायच्या आणि भोवती नवा, नक्षीदार हाशिया चिकटवायचा. हे हाशिये अप्रतिम असतात, सोनेरी वेलबुट्टी, फुलं, पक्षी. मात्र छाटताना खालच्या समासाबरोबर नावही जायचं. आज म्युझियमच्या लेबलवर 'चित्रकार अज्ञात' लिहिलेलं दिसतं, त्यातले सगळेच मुळात अज्ञात नव्हते. काहींना कात्रीने अज्ञात केलं.

आपल्याच शहराचं उदाहरण देतो. १६५० साली औरंगाबादेत भानुदत्ताच्या 'रसमंजरी'ची एक सचित्र पोथी तयार झाली. ती इथे झाली आणि त्या वर्षी झाली, हे अभ्यासकांना कळलं ते शेवटच्या पुष्पिकेमुळे, म्हणजे पोथीच्या अखेरीस लेखक स्थळ-काळ लिहितो त्या मजकुरामुळे. ते एक पान हरवलं असतं तर दख्खनी चित्रकलेत औरंगाबादचं नाव इतक्या खात्रीने घेता आलं नसतं. आणि हे शहर म्हणजे कागदाचं शहर! दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा लागतो, तिथे हातकागद बनवायची परंपरा थेट महंमद तुघलकाच्या राजधानी हलवण्यापर्यंत नेऊन भिडवतात.

असो. युरोपातही साधारण हेच चाललं होतं. सोळाव्या शतकात इटलीत व्हासारी (१५११-१५७४) चित्रकारांची रेखाटनं जमवायचा, ती कागदावर चिकटवून भोवती शाईने महालासारखी चौकट काढायचा आणि तिच्यात चित्रकाराचं नाव लिहायचा. अठराव्या शतकात पॅरिसच्या मारिएतने (१६९४-१७७४) ही पद्धत अगदी शिस्तीत आणली. निळा माउंट, सोनेरी पट्टी आणि खाली मधोमध एका नक्षीदार चौकटीत चित्रकाराचं नाव. आजही जाणकारांना तो निळा माउंट दिसला की हे चित्र मारिएतच्या संग्रहातलं, हे लांबून ओळखता येतं. फ्रेमच्या दुकानात आपण जी पितळी पाटी ऑर्डर करतो, तिच्या पणजोबांपैकी हा एक.

मग फोटो आले. पॅरिसमध्ये डिस्देरीने १८५४ साली व्हिजिटिंग कार्डाएवढ्या फोटोचं पेटंट घेतलं. योगायोग म्हणजे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटीही १८५४चीच, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. १८६६च्या सुमारास मोठं 'कॅबिनेट कार्ड' आलं: पुठ्ठा सव्वाचार बाय साडेसहा इंच, फोटो साधारण चार बाय साडेपाच. हिशोब करून बघा. आडवं उरतं पाव इंच, म्हणजे प्रत्येक बाजूला एक सूत (सुतारांचं सूत, इंचाचा आठवा भाग). उभं उरतं एक इंच. वर एक सूत सोडलं की खाली सात सूत मोकळे. ही जवळपास इंचभर पट्टी कशासाठी? फोटोतल्या माणसाच्या नावासाठी नाही. स्टुडिओच्या नावासाठी! सोनेरी अक्षरात, वळणदार. राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) निजामाचे दरबारी फोटोग्राफर, त्यांचे स्टुडिओ सिकंदराबादेत आणि मुंबईत होते. वेरूळ-दौलताबादपासून नबाबांपर्यंत त्यांनी काय काय टिपलंय. त्यांच्या कार्डांवर नाव दिसतं ते त्यांच्या फर्मचं. समोर बसलेलं माणूस कोण, हे घरच्यांना माहीत असतंच, लिहायचं कशाला? आणि मग घरचे जातात.

आमच्याकडे असं एक कार्ड आहे. पणजोबांचं, फेट्यातलं. लहानपणी कुठल्याशा दुकानात ते रेडीमेड फ्रेममध्ये बसवून घेतलं होतं. फ्रेम छोटी पडली म्हणून दुकानदाराने खालची पट्टी कापली. स्टुडिओ कोणता, गाव कोणतं, काही कळायला मार्ग नाही. पणजोबा तरुणपणी हैदराबादला होते की मुंबईला, यावर घरात दोन पक्ष आहेत. त्या पट्टीने वाद मिटला असता.

आता जरा वेगळा नमुना बघा. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. वॉटसन आणि के संपादक. त्यात ४६८ फोटो, हिंदुस्थानभरच्या माणसांचे. चेहरे स्पष्ट, डोळे थेट कॅमेऱ्यात. आणि खाली? जात, जमात, धंदा, गाव. काही सरदार-संस्थानिक सोडले तर माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. खालचा समास भरपूर आहे, शाईही होती, पण लिहिणाऱ्याला त्या माणसाचं नाव नको होतं, प्रकार हवा होता.

हे वाचून मला राग आला. साहेबांना आपली माणसं म्हणजे नमुने! त्या रागातच आजोबांचा ग्रुप फोटो पुन्हा हातात घेतला, म्हटलं बघा, आपल्याकडे एकेकाचं नाव कसं नीट लिहिलंय.

चार बसलेले, चार नावं. उभे सात. नावं मोजली. सहा. सातवा उजवीकडच्या टोकाला, इतरांपासून थोडा सुटा, टोपी, हात बाजूला ताठ. त्याच्यासाठी ओळीच्या शेवटी दोन शब्द: 'व शिपाई'.

हे अक्षर ओळखीचं होतं. आजोबांचंच होतं.

सांगायला लाजायचं कशाला, दोन दिवस मला ते खटकत राहिलं. आजोबा चांगले होते हो. गावातल्या पोरांना घरी ठेवून शिकवलेला माणूस. त्यांनी मुद्दाम नाव गाळलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. तेव्हा तसंच लिहायची पद्धत होती, त्यांना त्यात काही खटकलंच नसणार. पण वॉटसन आणि के यांनाही खटकलं नव्हतं.

आईला विचारलं. तिला चेहरा आठवत होता, नाव नाही. ती म्हणाली, "आम्ही शिपाईमामा म्हणायचो." मग आजोबांचे एक जुने सहकारी, सिडकोत राहतात, वय शहाऐंशी, त्यांना फोन केला. फोटोत ते दुसऱ्या रांगेत आहेत, सगळ्यात तरुण. मी विचारायचा अवकाश, त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, एका दमात सांगितलं. "अरे घंटा त्याची होती. आम्हा मास्तरांची घड्याळं त्याच्या घंट्यावर लावायचो. वार्षिक परीक्षेचे पेपर डोक्यावर ट्रंक घेऊन चालत आणायचा, नदीला पाणी असलं तरी." आणि थोडं थांबून म्हणाले, "फोटो काढला त्या दिवशी तो उभा राहायला तयार नव्हता. तुझ्या आजोबांनी हाताला धरून आणला."

म्हणजे बघा. फ्रेममध्ये आणला आजोबांनीच, आणि समासातून राहून गेला तोही त्यांच्याच हातून.

पुढच्या शनिवारी परत उस्मानपुऱ्यात. या वेळी आलेख कागदावर प्लॅन काढून नेला होता. काकांनी चष्मा लावून बघितला, दोन चुका काढल्या, पण बेत त्यांना पटला. कोणाला उपयोगी पडेल म्हणून हिशोब देतो.

पहिलं म्हणजे जुना पुठ्ठा कापायचा नाही, एक सूतसुद्धा नाही. तो पूर्णच्या पूर्ण मागे राहील. त्यावर नवा माउंट आणि माउंटला एक नाही, तीन खिडक्या.

पहिली खिडकी फोटोची: सव्वाआठ बाय सव्वासहा. फोटोपेक्षा प्रत्येक बाजूने एक सूत लहान, नाहीतर फोटोची कड दिसते. मध्ये अर्ध्या इंचाची पट्टी. मग दुसरी खिडकी: सव्वाआठ बाय दीड इंच. हिच्यातून जुन्या पुठ्ठ्यावरच्या त्या तीन ओळी दिसतील. बाजूला आणि वर अडीच इंच. खाली तीन.

तीनच का? कारण पाटी तिथे बसणार. पाटी पाऊण इंच उंच, तीन इंच लांब. तीनातून पाऊण गेले, उरले सव्वादोन. त्यातला एक इंच पाटीच्या वर, सव्वा इंच खाली. फोटोला जो नियम तोच पाटीला: खाली थोडं जास्त. मी आधी अडीच धरले होते. त्यात पाटीच्या वर-खाली सात-सात सूत उरत होते आणि सगळं तळाशी साचल्यासारखं दिसत होतं. काकांनी कागदाचे तुकडे कापून काचेवर ठेवून दाखवलं, लगेच कळलं.

काकांनी काढलेली पहिली चूक: फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते, ती चारी बाजूंनी माउंटचे दोन सूत खाते. मी ते धरलेच नव्हते. दिसायला सव्वातेरा बाय पावणेचौदा हवं असेल तर माउंट कापायचा पावणेचौदा बाय सव्वाचौदा. दुसरी चूक: पितळी पाटी माउंटवर चिकटवली तर ती काचेला टेकते. म्हणून तिसरी खिडकी, पाटीच्याच मापाची, पाटी तिच्यात खोल बसते. फोटोही काचेला टेकता कामा नये. माउंटचं खरं काम शोभेचं नाहीच, काच आणि फोटो यांच्यात हवा ठेवायचं आहे. पावसाळ्यात दमट हवेने फोटो काचेला चिकटला की निघताना वरचा थरच निघून येतो. आणि माउंट बोर्ड आम्लमुक्त घ्या. साधा घेतला तर काही वर्षांत तिरक्या कापाची कड पिवळी-तपकिरी पडते आणि तो डाग फोटोवरही उतरतो. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

राहिला प्रश्न पाटीवर काय कोरायचं. घरी बरीच चर्चा झाली. काका (सख्खे काका, फ्रेमवाले नव्हेत) म्हणाले, पैसे आपले, नाव बाबांचं हवं. आई म्हणाली, बाबांचं नाव वर आहेच की, बसलेल्यांत तिसरं, त्यांच्याच अक्षरात. मी मारिएतपासून अकबरापर्यंत सगळं सांगायला सुरुवात केली तेव्हा दोघंही उठून चहा करायला गेले. :-)

जुन्या पुठ्ठ्यावर आपण काही लिहायचं नाही, हे मात्र सगळ्यांना मान्य होतं. 'व शिपाई' हे शब्द १९६४चे आहेत, आजोबांचे आहेत, ते तसेच राहणार, दिसणार. खोडून गोड करण्यात अर्थ नाही. दुरुस्ती करायची ती आपल्या जागेत, आपल्या तारखेसह. गिटमध्ये इतिहास पुसत नाहीत, वर नवीन कमिट करतात, तसं.

सिडकोतल्या सरांच्या मदतीने शिपाईमामांचा नातू सापडला, वाळूजला कंपनीत आहे. त्याला फोन करून विचारलं, असं असं करतोय, चालेल का? तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं त्यांचा एकपण फोटो नाही." त्याच्यासाठी एक प्रत काढली. मूळ मापात, पुठ्ठ्यासकट, खालच्या ओळींसकट.

पाटीवर आता दोन ओळी आहेत. पहिलीत शाळेचं नाव आणि १९६४. दुसरीत 'उभे, उजवीकडून पहिले', आणि पुढे पूर्ण नाव, श्री. सकट. ते नाव इथे लिहीत नाही, नेटवर टाकायचं का हे मी नातवाला विचारलेलं नाही. शाळेच्या हॉलमध्ये जाल तेव्हा वाचा.

फ्रेम न्यायला गेलो तेव्हा काकांनी ती पेपरात गुंडाळण्याआधी भिंतीला टेकवून एकदा लांबून बघितली. म्हणाले, "खाली तीन बरोबर बसलं."